हातानं न घातलेलं मीठ

मीठ कुणाच्या हातावर देऊ नये, भांडण होतं, असं अव्वा सांगायची. शेजारीण मागायला आली तर अव्वा चिनी मातीची बरणी उचलून तिच्यापुढं जमिनीवर ठेवायची आणि तिनं आपल्या हातानं हवं तेवढं घ्यायचं. बरणी परत जागेवर ठेवतानाही अव्वा एकदा बोटं कपाळाला लावायची. इतका मान त्या घरात सोन्यालाही नव्हता. अर्थात सोनं होतंच कुठं म्हणा. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं गाव दुधनीच्या पलीकडं, जिथं मराठी बोलता बोलता माणूस कन्नडात शिरतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांचं सगळं मराठीत चालायचं, अव्वाचं रागावणं तेवढं कन्नडात असायचं. त्यामुळे मला आणि माझा धाकटा भाऊ मल्लू याला कन्नड आधी शिव्यांतूनच आलं.

आमचं रान काळं, ज्वारीचं. पण विहिरीच्या खालच्या अंगाला एक सखल पट्टी होती, तिथं काही म्हणता काही यायचं नाही. चोपण जमीन. पावसात तिथं चिखल असा व्हायचा की चप्पल आत राहायची आणि पाय बाहेर यायचा. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी व्हायची आणि वर पांढरा थर फुटायचा. लहानपणी आम्ही त्या थरावर बोट घासून चाटत असू. अप्पांनी तिथं जवस पेरून पाहिला, करडई पेरून पाहिली, एकदा नुसता हट्ट म्हणून ज्वारीही पेरली. उगवलं ते पिवळं पडलं. मग अप्पांनी त्या पट्टीला हात जोडले. तिथं आपसूक येणारी एकच गोष्ट होती: गुडघाभर उंचीचं, राखाडी रंगाचं, विस्कटलेलं झुडूप. पानं जाडसर, त्यांच्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरेपणा. जीभ लावली की खारट. कन्नडात उप्पू म्हणजे मीठ आणि पल्या म्हणजे भाजी. आमच्या घरात तिचं नाव उप्पिन पल्या. दुसऱ्या गावात तिला काय म्हणतात, की कुणी काही म्हणतच नाही, मला ठाऊक नाही. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माझ्या भाच्यानं मध्यंतरी तिचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि मी ते लगेच विसरले. तो म्हणाला, आत्या, हे समुद्रकाठचं झाड, शिवाय अशा खाऱ्या जमिनीतलं, इथलंच, कुणी आणून लावलेलं नाही. ते ऐकून मला गंमत वाटली. समुद्र मी पन्नाशीनंतर पाहिला, आणि त्याची चव मात्र परकर-पोलक्यात असल्यापासून तोंडात होती.

या भाजीचा एक नियम होता. तिच्यात मीठ घालायचं नाही. कोवळे शेंडे तोडायचे, दोन पाण्यांतून काढायचे, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून तेलात टाकायची, वर पाला आणि शेवटी शेंगदाण्याचा जाडसर कूट. बास. नव्यानं लग्न होऊन आलेल्या माझ्या काकूनं एकदा सवयीनं त्यात मीठ टाकलं होतं आणि ती भाजी कुत्र्यानंही हुंगून सोडली होती. त्यावरून काकूला मूल होईपर्यंत चिडवलं. गरम भाकरी, ती हिरवी-काळपट भाजी आणि वर कच्चं तेल. आज सोलापुरात कुणाला शेंगाचटणीचं कौतुक करताना ऐकलं की मी गप्प बसते. सांगून काय कळणार?

अप्पा आजारी पडले ते त्यांच्या पायांनी आधी सांगितलं. संध्याकाळी रानातून आले की पायातल्या वहाणांचे पट्टे मांसात रुतलेले असायचे. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. चार पावलं चालले की ते कशाला तरी टेकून उभे राहात आणि मुद्दाम पिकाकडं बघत, म्हणजे दम लागला आहे हे आम्हाला कळू नये. गावठी उपाय झाले. शेवटी दुधनीहून पॅसेंजर पकडून त्यांना सोलापुरात मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. अव्वा बरोबर गेली होती. परत आल्यावर तिनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पुडी सोडली आणि घरादाराला एकच गोष्ट सांगितली: मीठ बंद. पाणीसुद्धा बेतानं प्यायचं, पण मीठ बंद म्हणजे बंद. खाल्लं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

इथं अव्वाचं डोकं कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तिला गोळी कळत नव्हती, पण व्रत कळत होतं. तिच्या आयुष्यात ‘हे खायचं नाही’ असं जे काही होतं ते देवानं सांगितलेलं होतं. अळणी सोमवार तिनं लग्नाआधीपासून केले होते. तेव्हा डॉक्टरांचं बोलणंही तिनं त्याच खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी न्हाऊन तिनं सिद्धरामेश्वराच्या तसबिरीपुढं हात जोडले आणि सांगितलं की मालकांच्या पायाची सूज उतरेपर्यंत मीही अळणी खाईन. मिठाची बरणी तिनं फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवली. आम्हा पोरांसाठी म्हणून वाटीत थोडं मीठ काढलेलं असायचं, ते अप्पांचं जेवण उरकल्यावर आम्ही पाठ करून खायचं. नवऱ्यासमोर पोरांनी मीठ चाखणं तिला पाप वाटायचं. आणि व्रताला जसे कायदे असतात तसे या मीठबंदीलाही तिनं कायदे केले. उपासाला साधं मीठ चालत नाही पण सैंधव चालतं, हे कोण ठरवतं? आया-आज्या ठरवतात. व्रत मोडतं ते हातानं. आपल्या हातानं जे घातलं ते मोडलं. देवानं पानाफळात जे ठेवलं त्याला बाई जबाबदार नाही.

अप्पा महिना-दीड महिना निमूट अळणी जेवले. जेवले म्हणजे ताटावर बसले. भाकरीचा तुकडा डाळीत बुडवायचे, तोंडात फिरवायचे आणि गिळताना डोळे मिटायचे. अळणी आंबील मी एकदा पिऊन पाहिली होती; भिंतीला द्यायची पांढरी माती कालवून प्यावी तशी लागली. धिप्पाड माणूस, सदऱ्याचे खांदे रिकामे दिसायला लागले. मल्लू लहान होता, तो विचारायचा, अप्पा जेवत का नाही. अव्वा चुलीकडं तोंड करून बसायची. एका संध्याकाळी अप्पांनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, की मेलो तर सुजून मरीन, पण हे असं उपाशी नको. रागानं नाही, अगदी थकून बोलले.  सकाळी अव्वानं मला उठवलं, हातात दुरडी दिली आणि म्हणाली, “खालच्या पट्टीतनं उप्पिन पल्याचं शेंडं खुडून आन. त्यात मी मीठ कुटं घालतीया?”

मी पळत गेले. हे मला लख्ख आठवतं, की मी पळत गेले. मला त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी करायला मिळालं होतं. त्या दिवशी अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या, ताट बोटानं निपटलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आमच्या नीलीच्या हाताला गुण आहे. भाजी केली अव्वानं, पण थाप मला मिळाली, आणि मी ती ठेवून घेतली. मग रोजच सुरू झालं. सकाळी शाळेच्या आधी मी पट्टीवर जायची, ओलसर राखाडी शेंडे खुडायची. बोटांना पांढरी पूड लागायची, ती शाळेत पाटीवर उमटायची. अप्पा दुपारी तीच भाजी खायचे, रात्री शिळी खायचे, आणि त्यांच्या गालांवर पुन्हा भरल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. आम्ही म्हणायचो, अंगाला लागतंय. सूज आणि बाळसं यांच्यातला फरक तेव्हा आमच्यात कुणाला ओळखता आला नाही.

त्याच दिवसांत सांगोल्याकडचे धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायला आले. दरवर्षी यायचे. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडीखत पडतं, त्याबद्दल त्यांना ज्वारी द्यायची. ज्वारी निघालेली होती, रान मोकळं होतं. मेंढरं आली आणि आधी थेट खालच्या पट्टीत घुसली. दुसऱ्या कशाकडं बघेनात, त्या झुडपांचे शेंडे ओरबाडत सुटली. मला माझ्या भाजीची काळजी पडली म्हणून मी ओरडत तिथंच उभी होते. पोटं भरल्यावर ती विहिरीजवळच्या दगडी डोणीवर आली. प्यायली ती प्यायलीच. मोट धरणाऱ्या गड्यानं डोणी पुन्हा भरली, ती पुन्हा रिकामी झाली. धनगर हसून म्हणाला, हितला पाला खाल्ला की असंच करत्यात. मला एकदम घरी खाटेवर पडलेले अप्पा दिसले. तांब्याकडं हात नेणारे, अव्वानं बघितलं की हात मागं घेणारे. त्यांना त्या दिवसांत तहान फार लागायची. बस्स, एवढंच माझ्या मनात आलं आणि गेलं. मला तेव्हाच कळलं होतं का? आजवर हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. कधी वाटतं, कळलं होतं. कधी वाटतं, पोरीच्या जातीला मेंढरं पाणी पिताना बघून काय कळणार. पण दुसऱ्या दिवशी शेंडे खुडताना मी एक पान चावून पाहिलं होतं, हेही खरं आहे. लहानपणापासून शंभर वेळा खाल्लेली गोष्ट त्या दिवशी मुद्दाम चाखून बघावी असं मला का वाटलं?

दुसऱ्यांदा सोलापूरला निघालो तेव्हा अप्पांचे पाय वहाणेत मावत नव्हते. मला बरोबर घेतलं, कारण पाट्या वाचायला आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकून लक्षात ठेवायला घरात शिकलेलं माणूस मीच. डॉक्टरांच्या खोलीला दार होतं, पण ते उघडंच असायचं, बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावत बसायची. त्या बाकावर आमच्याच गावचा किराणा दुकानदार त्याच्या म्हातारीला घेऊन बसला होता. डॉक्टरांनी अप्पांच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला, तो भरेना. ते चिडले. दांडगट नव्हते, पण चिडले. म्हणाले, मी सांगितलं होतं ना मीठ बंद म्हणून. अव्वानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि शपथ घेतली की चुलीवरच्या कुठल्या भांड्यात माझ्या हातानं मिठाचा कण पडलेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, मग खातात काय? अव्वा सांगायला लागली: भाकरी, आंबील, ताक, डाळ, भाजी. कसली भाजी? अव्वा म्हणाली, रानची.

आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. डॉक्टरांच्या टेबलावर काच होती, पंखा फिरत होता, शाळेत नुकतेच क्षार शिकवले होते, आणि त्या शहरी माणसासमोर आपण गावंढळ नाही हे दाखवायची मला खुमखुमी होती. मी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, “ती भाजी खारट जमिनीत येते. तिच्या पानातच क्षार असतात. म्हणून आमची अव्वा त्यात मीठ घालत नाही. अव्वा रोज करते ती अप्पांसाठी.”

 डॉक्टर अव्वाकडं वळून मोठ्यानं म्हणाले, “अहो बाई, मीठ बंद करून तुम्ही रोज त्यांना मीठच चारताय की.”

बाकावरचा दुकानदार मान लांब करून आत बघायला लागला. अव्वानं डॉक्टरांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. तिनं आपला उजवा हात उपडा केला, मग उताणा केला आणि त्याच्याकडं बघत राहिली. फार हळू म्हणाली, “मी हातानं घातलं न्हाई वो.” अप्पा खुर्चीवर धापा टाकत होते. ते म्हणाले, “तिला काय बोलू नगासा. माज्या जिभंला कळत हुतं की. मीच मागून खाल्लं.” ते तरी बोलले. मी बोलले नाही. रोज करते कोण हे मी सांगितलं, रोज खुडून आणतं कोण हे सांगितलं नाही. वाक्य तिथंच संपवलं. लहान होते, घाबरले होते, सगळं खरं. पण गुण आहे म्हणून पाठीवर थाप घेताना तोच हात माझा होता, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा हात एकट्या अव्वाचा राहिला.

अप्पांना तिथंच ठेवून घेतलं. इंजेक्शनं झाली, लघवी सुटली, सूज उतरली. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की पोरी, तू बोललीस म्हणून बरं झालं, आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर अवघड होतं. म्हणजे मी वडलांचा जीव वाचवला. घरात, नात्यात, पुढं माझ्या सासरीही ही गोष्ट तशीच सांगितली गेली: नीला लहानपणापासून हुशार, तिच्यामुळे वडील वाचले. मी ती गोष्ट कधी थांबवली नाही. गावात मात्र किराणा दुकानदार आमच्याआधी पोचला होता. त्यानं तिखटमीठ लावून जे सांगितलं त्यात मी नव्हतेच. आडावर बायका अव्वाला जागा करून द्यायच्या आणि ती गेली की हसायच्या. नवऱ्याला मीठ चारणारी. एकीनं तोंडावर विचारलं म्हणे, की माहेरी काही राग होता का मालकांवर.

अप्पा घरी आल्यावर अव्वा एका दुपारी कुदळ घेऊन खालच्या पट्टीवर गेली आणि तिनं सगळी झुडपं मुळासकट काढली. मी बांधावरून बघत होते. मदतीला गेले नाही, थांब म्हणाले नाही. पावसाळा संपता संपता ती पुन्हा उगवली. त्या जमिनीत दुसरं काय येणार होतं? अव्वानं परत हात लावला नाही, पण आमच्या चुलीवर ती भाजी पुन्हा कधी चढली नाही. पुढं अप्पांची प्रकृती सुधारली, डॉक्टरांनी चवीपुरतं मीठ खायला मोकळीक दिली. त्या दिवशी डाळ उकळत होती. अव्वानं वरच्या फळीवरची बरणी काढली, फडकं सोडलं, बरणी जमिनीवर ठेवली आणि मला हाक मारली. म्हणाली, “तू घाल.” मला वाटलं तिचे हात ओले आहेत. मग रात्रीच्या आमटीला तेच. दुसऱ्या दिवशी तेच. अव्वा दळायची, थापायची, फोडणी द्यायची, आणि मिठाची वेळ आली की चुलीपासून सरकून बसायची. मी शाळेत असले तर मल्लूला हाक मारायची, मल्लू नसला तर भांडं उतरवून ठेवायची. सूज उतरेपर्यंत अळणी खाईन असं ती म्हणाली होती. सूज उतरली, तिचं अळणी काही सुटलं नाही. आम्ही जेवायला बसलो की तिचा वाटा मीठ पडायच्या आधी काढलेला असायचा. अप्पा तिच्यावर ओरडले, विनवण्या केल्या, एकदा ताट फेकलं. ती गोळा करून परत वाढायला बसली. मग तेही तिच्या त्या हाताची सवय करून बसले.

लग्न होऊन सोलापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी धीर केला. आम्ही दोघीच चुलीपाशी होतो. डाळीत मीठ घालता घालता मी म्हणाले, “अव्वा, पाला तर मीच खुडून आनत हुते.” तिला मी काय म्हणते ते लगेच कळलं. तिनं जाळ मागं ओढला आणि म्हणाली, “तू पोर हुतीस. आन तू खरं बोललीस. खरं बोलनाऱ्याला काय बोलायचं?” माझ्यावर तिचा राग असता तर बरं झालं असतं. रागावर माफी मागता येते. तिनं मला खरं बोलणारीच्या पाटावर बसवून ठेवलं, आणि तिथून खाली उतरायला मला वाटच राहिली नाही. उद्यापासून मीठ कोण घालणार, हा विचार मला त्या रात्री वरातीच्या तयारीपेक्षा जास्त टोचला. मल्लूचं लग्न होईपर्यंत मग अप्पाच घालत. चुलीपाशी उकिडवं बसून आमटीत मीठ टाकणारा पुरुष आमच्या गावानं तोवर पाहिलेला नव्हता.

अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, नातवंडं खेळवून गेले. गेले ते दुसऱ्याच दुखण्यानं. मला आता स्वतःला रक्तदाब आहे, मुलगी फोनवरून मिठावर पाळत ठेवते, आणि मी चिडले की ती म्हणते, आई, तूच ना लहानपणी आजोबांना वाचवलंस? मी हो म्हणते. काय करणार? वाचवलं हे खरंच आहे. पण एक माणूस वाचवताना दुसऱ्याच्या ताटातली चव जन्मभरासाठी गेली, आणि ते मी चारचौघांत मिरवण्यासाठी केलं, हेही खरंच आहे. तीच गोष्ट मला दाराबाहेर, डॉक्टरांच्या कानात सांगता आली असती. अव्वाला आदल्या दिवशी चुलीपाशी सांगता आली असती. मेंढरं पाणी पीत होती त्या संध्याकाळीच सांगता आली असती.

अव्वा शेवटची काही वर्षं माझ्याकडं सोलापुरात होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिला करमायचं नाही. खालून जाणाऱ्या शेळ्या दिसल्या की गॅलरीत जाऊन उभी राहायची. हळूहळू तिचं आठवणं विस्कटत गेलं. मी कधी तिची बहीण व्हायची, कधी सून. मग जेवण सुटलं. पेज भरवली तर ओठ मिटून घ्यायची. डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, जे मागेल ते द्या. ती काही मागतच नव्हती. मल्लूला मी फोन केला. तो म्हणाला, उसाला पाणी देऊन देऊन खालची पट्टी आता दुप्पट झाली आहे, पल्या हवी तेवढी आहे, कापून फेकतो आम्ही. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून ते राखाडी शेंडे माझ्या ओट्यावर ओतले. इतक्या वर्षांनी बोटांना ती पूड लागली.

जशी ती करायची तशीच केली. दोन पाणी, लसूण, मिरची, कूट. भाकरी थापली. ताट घेऊन तिच्याजवळ बसले. वासानं तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आदी त्यास्नी वाढ.”

मी म्हणाले, “वाढलं अव्वा. पोटभर जेवले.”

“मीठ?”

“न्हाई घातलं.”

तिनं तोंड उघडलं. मी लहान घास केले होते. ती मोठे मागायला लागली. मग माझा हात बाजूला सारून आपल्या हातानं जेवली, अर्धी भाकरी, सगळी भाजी, आणि अप्पा निपटायचे तसं ताट बोटानं निपटलं. मग पाणी मागितलं. दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं.  मी तिचे हात ओल्या फडक्यानं पुसत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून जोर होता.

“नीले,” ती म्हणाली. किती महिन्यांनी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली होती. “डाक्टरला सांगू नगंस.”

मी सांगितलं नाही.